भविष्यवाणीतील आकडे : मोजायचे की उमजायचे?

मजुरी, महागाई भत्ता आणि बोनस यांच्या हिशेबात ज्याचे आयुष्य गेले, अशा माणसाने ख्रिस्ती धर्मग्रंथातील भविष्यवाणीवर बोलावे, याचे श्रोत्यांपैकी अनेकांना नवल वाटेल. आम्ही ख्रिस्ती नाही. धर्मशास्त्राची पदवी तर राहोच, आमचे शालेय शिक्षणही नववीच्या पुढे गेले नाही. जे काही वाचले ते पाळी सुटल्यावर, वाचनालयाच्या बाकावर बसून वाचले. तेव्हा विद्वत्तेचा दावा आम्ही करीत नाही. परंतु हा विषय आम्ही हौसेने निवडलेला नाही. आमच्या युनियन कचेरीच्या दारात एक माणूस तो घेऊन आला.

१९९९ सालची गोष्ट. आम्ही त्या वेळी ऐन पंचविशीत होतो आणि कारखान्यात नुकतेच युनियनचे काम पाहू लागलो होतो. टूलरूममध्ये नगर जिल्ह्यातील एका ख्रिस्ती कुटुंबातले एक फिटर होते. वयाने आमच्याहून वीस वर्षांनी मोठे, कामाला चोख. सारा कारखाना त्यांना मामा म्हणे. त्यांच्या वस्तीत एक फिरता उपदेशक येऊ लागला होता. त्याचा हिशेब साधा होता. सृष्टी सहा दिवसांत झाली. देवाला एक दिवस हजार वर्षांसारखा. म्हणजे जगाचे आयुष्य सहा हजार वर्षांचे. ख्रिस्तापूर्वी चार हजार गेली, ख्रिस्तानंतर दोन हजार संपत आली. आता खाते बंद!

मामांनी कोणाला न विचारता राजीनामा दिला, फंडाचे पैसे काढले, काही त्या उपदेशकाच्या कार्याला दिले आणि उरलेल्यातून सगळ्यांची देणी चुकती केली. जाताना कोणाचे ओझे डोक्यावर नको, एवढाच त्यांचा विचार. मग २००० सालचा जानेवारी उजाडला. फेब्रुवारीही गेला. कारखान्याने त्यांना परत घेतले नाही. आणि राजीनामा स्वहस्ताक्षराचा असल्यामुळे आम्हांलाही तंटा उभा करता येईना. पुढे ते त्याच फाटकातून ठेकेदाराचे मजूर म्हणून, निम्म्याहून कमी पगारावर आत जाऊ लागले. एके संध्याकाळी ते कचेरीत आले, बाकावर बसले आणि म्हणाले, “भाऊ, तुम्ही वाचता-बिचता. मला एक सांगा. आकडा चुकला का पुस्तक चुकलं?”

आम्हांला उत्तर देता आले नाही. ते शोधण्यासाठी आम्ही ते पुस्तक उघडले.

आपल्याच तोंडचे आकडे

प्रथम आपण आपल्याच भाषेकडे पाहू. एखाद्याच्या घरी ‘अठरा विश्वे दारिद्र्य’ आहे असे आपण म्हणतो. ते विश्वे कोणी मोजायला जात नाही. ‘सतराशे साठ भानगडी’ म्हणताना सतराशे एकसष्टावी भानगड निघाली तर वाक्य खोटे पडत नाही. ‘बारा गावचे पाणी प्यालेला’ माणूस नेमक्या कोणत्या बारा गावी गेला होता, असे विचारणारा अडाणीच ठरेल. परंतु वेतन करारात ‘आठ तास’ लिहिले की ते आठच. तेथे आठ तास दहा मिनिटे झाली की आम्ही यंत्र थांबवतो. “साहेब, शंभरदा सांगितलं, आठ तासांच्या वर काम होणार नाही,” असे कामगार म्हणतो, तेव्हा एकाच वाक्यातला शंभर सांकेतिक असतो आणि आठ अक्षरशः असतो. ऐकणाऱ्या साहेबालाही ते कोणी समजावून द्यावे लागत नाही.

याचा अर्थ असा की, ‘आकडे अक्षरशः घ्यावे की सांकेतिक?’ हा प्रश्न सबंध ग्रंथाला एकदाच विचारून भागत नाही. तो प्रत्येक आकड्याला, तो जेथे उभा आहे तेथे जाऊन विचारावा लागतो. येशूला त्याच्या शिष्याने विचारले की, भावाला सात वेळा क्षमा करावी काय? येशूने उत्तरात साताची सत्तरपट सांगितली. आता कोणी वही घालून ४९० क्षमा मांडून ठेवल्या आणि ४९१व्या अपराधाला काठी उचलली, तर त्याने आकडा बरोबर मोजला असे होईल, पण सांगणाऱ्याचे म्हणणे त्याला मुळीच कळले नाही असे म्हणावे लागेल.

भाव, बेरीज आणि नाव

भविष्यवाणीतील आकड्यांचा सर्वांत मोठा साठा नव्या करारातील शेवटच्या ‘प्रकटीकरण’ या पुस्तकात आहे. पहिल्या शतकाच्या अखेरीस, रोमन बादशाही ऐन भरात असताना, पात्म नावाच्या बेटावरून योहान नावाच्या माणसाने ते आशिया प्रांतातील, म्हणजे आजच्या तुर्कस्तानच्या पश्चिम भागातील, सात मंडळ्यांना लिहिले. बादशहाला देव मानण्याची सक्ती, छळाची भीती आणि महागाई, असा तो काळ.

त्यातला एक आकडा आम्हां कामगारांच्या लगेच ओळखीचा झाला. सहाव्या अध्यायात काळ्या घोड्यावर बसून, हातात तराजू घेतलेला एक स्वार येतो आणि भाव पुकारला जातो : एका दीनाराला एक माप गहू, किंवा तीन मापे जव. दीनार म्हणजे त्या काळची मजुराची एका दिवसाची मजुरी; मत्तयाच्या पुस्तकातील द्राक्षमळ्याच्या दाखल्यात तोच दर आहे. आणि ते माप साधारण एक लिटरचे, एका माणसाच्या एका दिवसाच्या अन्नाएवढे. म्हणजे दिवसभर राबून मिळवायचे, त्यात एकट्याचे पोट भरायचे. बायकोमुलांना जगवायचे तर गहू सोडून जवावर यायचे. हा आकडा गूढ म्हणून बाजूला सारणारा पंडित कधी रेशनच्या रांगेत उभा राहिला नसावा. हा सरळ बाजारभाव आहे, आणि तो अक्षरशः वाचला तरच त्याची धार कळते.

परंतु त्याच पुस्तकातील ‘सात’ तसा नाही. सात दिवे, सात तारे, सात शिक्के, सात कर्णे, सात वाट्या. पुस्तक स्वतःच पहिल्या अध्यायात खुलासा करते की, सात दीपसमया म्हणजे सात मंडळ्या. पुढे सात डोकी म्हणजे सात डोंगर असे सांगितले आहे. सात टेकड्यांवरचे शहर म्हटले की त्या वेळच्या वाचकाला रोमच आठवणार. ज्यांना पत्रे लिहिली ती सात गावेही खरी होती : इफिस, स्मुर्णा, पर्गम इत्यादी. पण त्याच प्रांतात त्या वेळी इतरत्रही मंडळ्या होत्या. सातच का निवडल्या? कारण यहुदी परंपरेत सात हा पूर्णतेचा आकडा. सातांना लिहिले म्हणजे सर्वांना लिहिले. येथे एकच आकडा मोजणीतही खरा आहे आणि संकेतातही खरा आहे.

१,४४,००० चा आकडा पाहा. इस्राएलाचे बारा वंश, प्रत्येकी बारा हजार. बारा गुणिले बारा, गुणिले हजार. ही शिरगणती दिसते खरी. पण त्या यादीत दान हा वंशच नाही, आणि योसेफाबरोबर त्याचा मुलगा मनश्शे वेगळा मोजलेला आहे. शिवाय योहान हा आकडा कानांनी ऐकतो, आणि लगेच डोळ्यांनी पाहतो तो समुदाय मात्र कोणाला मोजता येणार नाही एवढा असतो. यहोवाचे साक्षीदार हा पंथ १,४४,००० ही स्वर्गात जाणाऱ्यांची नेमकी संख्या मानतो. मात्र बारा वंश तो अक्षरशः घेत नाही. म्हणजे गुणाकारातील अवयव सांकेतिक आणि गुणाकार तेवढा अक्षरशः! ही अडचण त्यांच्या टीकाकारांनी वारंवार दाखवली आहे.

शेवटी येणारे नवे यरुशलेम लांबीरुंदीला आणि उंचीलाही बारा हजार स्टेडियाचे आहे. आजच्या मापाने सुमारे २,२०० किलोमीटर. कन्याकुमारीपासून दिल्लीपर्यंत सरळ रेघ ओढावी एवढे लांब, तेवढेच रुंद, आणि तेवढेच आकाशात उंच. भोवतालचा तट मात्र १४४ हातांचा. नकाशा म्हणून हे कोणाला उभे करता येणार नाही. पण शलमोनाच्या मंदिरातील परमपवित्र गाभारा वीस हात लांब, वीस रुंद आणि वीस उंच होता, हे ज्याला ठाऊक त्याला अर्थ तत्काळ कळे. जेथे वर्षातून एकदा एकट्या मुख्य याजकाने जायचे, तो गाभारा आता सबंध शहराएवढा झाला. बाहेर कोणीच उरला नाही. देवळाच्या पायरीवर शतकानुशतके अडवल्या गेलेल्या माणसांच्या देशात हा अर्थ फोड करून सांगण्याची गरज नाही.

आणि सर्वांत बदनाम आकडा ६६६. आपल्या जुन्या ग्रंथांत ‘वेद’ म्हणजे चार, ‘शर’ म्हणजे पाच अशा शब्दांनी शक लिहिण्याची रीत होती. शब्दातून आकडा काढायचा. ग्रीक व हिब्रू भाषांत अक्षरेच अंकांचे काम करीत, म्हणून तेथे प्रत्येक नावाची बेरीज होई. ‘नेरोन कैसर’ हे नाव हिब्रू अक्षरांत लिहिले तर ५०, २००, ६, ५०, १००, ६०, २०० असे अंक येतात. बेरीज ६६६. नावातील शेवटचा ‘न’ गाळून ‘नेरो’ लिहिले तर पन्नास कमी होऊन ६१६ उरतात; आणि काही प्राचीन हस्तलिखितांत खरोखर ६१६ हाच आकडा सापडतो. म्हणून बहुतेक अभ्यासक त्यात ख्रिस्ती लोकांचा छळ करणाऱ्या नीरो बादशहाकडे बोट दाखवलेले पाहतात. उघड नाव घेतले तर गर्दन जाईल, अशा काळात नाव आकड्यात लपवले जाते. दुसऱ्या शतकातच इरेनेयस या धर्मगुरूने या आकड्यावरून घाईने नावे काढू नका, असे बजावले होते. तरीही नंतरच्या सतराअठराशे वर्षांत पोप, नेपोलियन, हिटलर, ज्याला जो नकोसा झाला त्याची बेरीज त्याने ६६६ करून दाखवली.

किती दिवस?

आता काळाच्या आकड्यांकडे येऊ. मामांचा घात झाला तो येथेच.

यिर्मया संदेष्ट्याने सांगितले होते की, बाबेलची सत्ता सत्तर वर्षे राहील. सत्तर वर्षे म्हणजे एका माणसाचे आयुष्य. आज जे बंदी होऊन चालले त्यांनी परतण्याची आशा धरू नये, त्यांच्या नातवंडांनी धरावी. इतिहासात मोजले तर यरुशलेमचे मंदिर इ. स. पू. ५८६ च्या सुमारास पडले आणि ५१५ च्या सुमारास पुन्हा उभे राहिले; सत्तरच्या आसपासच. पण सुटका पुरती झाली नाही. म्हणून दानीएलच्या पुस्तकात त्याच सत्तर वर्षांचे सत्तर आठवडे होतात, म्हणजे साताचे सत्तर गट, ४९० वर्षे. आकड्याचा अर्थ नव्याने लावण्याचे काम पुढच्या पंडितांनी सुरू केले असे नाही. ते धर्मग्रंथाच्या आतच सुरू झालेले आहे.

दानीएलमध्येच ‘एक काळ, दोन काळ व अर्धा काळ’ हा साडेतीनाचा आकडा येतो. प्रकटीकरणात तोच कधी ४२ महिने, कधी १,२६० दिवस होऊन येतो. आपल्याकडे साडेतीन मुहूर्त शुभ. तेथे साडेतीन म्हणजे अर्ध्यावर मोडलेले सात. अंतियोखस चौथा या राजाने इ. स. पू. १६७ साली यरुशलेमचे मंदिर भ्रष्ट केले आणि १६४ साली ते पुन्हा शुद्ध करण्यात आले. तेव्हापासून ‘साडेतीन’ म्हणजे जुलमाची मुदत, असा संकेत झाला. जुलूम मोठा असेल, पण तो पूर्ण सात कधीच होणार नाही. मध्येच मोडेल, एवढे त्यात सांगितले आहे.

मात्र मध्ययुगापासून पुढे अनेकांनी या दिवसांची वर्षे केली. आधार म्हणून गणना आणि यहेज्केल या पुस्तकांतील, एका दिवसाला एक वर्ष धरण्याची दोन उदाहरणे होती. लॉगॅरिदमचा शोधक जॉन नेपियर याने १५९३ साली छापलेल्या पुस्तकात शेवट १६८८ ते १७०० च्या दरम्यान धरला. खुद्द न्यूटनने इ. स. ८०० मध्ये १,२६० मिळवून २०६० हे साल लिहून ठेवले. पण तारखा सांगत सुटलेल्या उतावळ्यांची तोंडे बंद व्हावी हा आपला हेतू आहे, असेही त्याने नोंदवले. म्हणजे बुद्धी कमी म्हणून माणसे या खड्ड्यात पडतात असे नाही.

सर्वांत शिकण्यासारखी कथा विल्यम मिलर या अमेरिकन शेतकऱ्याची. दानीएलच्या आठव्या अध्यायात २,३०० ‘संध्याकाळ-सकाळ’ आहेत. काही अभ्यासक तो सकाळसंध्याकाळच्या बलिदानांचा हिशेब धरून १,१५० दिवस मोजतात, म्हणजे अंतियोखसाच्या त्या तीन वर्षांच्या जवळ येतात. मिलरने मात्र त्यांची २,३०० वर्षे केली आणि इ. स. पू. ४५७ पासून मोजणी धरली. उत्तर १८४३ आले. मध्ये शून्य साल नाही हे ध्यानात आल्यावर १८४४ झाले. अखेरीस त्याच्या अनुयायांनी २२ ऑक्टोबर १८४४ हा दिवस पक्का केला. हजारो साधी माणसे त्या रात्री वाट पाहत बसली. काहींनी उभे पीक काढलेच नव्हते, काहींनी दुकाने बंद केली होती. सकाळ झाली. तिला इतिहासात ‘महान निराशा’ असेच नाव पडले आहे.

यानंतर जे झाले तेही ध्यानात घेण्याजोगे आहे. बरेच लोक सोडून गेले. काहींनी मात्र तारीख बरोबर, घटना चुकीची समजली, असे म्हटले : शुद्ध व्हायचे मंदिर पृथ्वीवर नसून स्वर्गात होते. म्हणजे आकडा अक्षरशः ठेवला आणि मंदिर स्वर्गातले केले. त्यांतूनच १८६३ साली सेव्हन्थ-डे ॲडव्हेंटिस्ट मंडळी संघटित झाली. आज तिचे सभासद जगभर दोन कोटींहून अधिक आहेत; पुण्यातील स्पायसर ही तिचीच शिक्षणसंस्था. शाळा आणि रुग्णालये या मंडळीने मनापासून चालवली. चुकलेल्या हिशेबाच्या पोटीही चांगले काम जन्माला येऊ शकते, हे आम्ही मोकळेपणाने मान्य करतो.

परंतु ही सवय थांबली नाही. कॅलिफोर्नियातील हॅरल्ड कॅम्पिंग या निवृत्त इंजिनिअरने रेडिओवरून २१ मे २०११ ही तारीख दिली. त्याच्या मते पाच म्हणजे प्रायश्चित्त, दहा म्हणजे पूर्णता, सतरा म्हणजे स्वर्ग. तिघांचा गुणाकार ८५०, त्याचा वर्ग ७,२२,५००. ख्रिस्ताच्या मृत्यूपासून तेवढे दिवस मोजले. आधी आकडे सांकेतिक करायचे आणि मग त्याच संकेतांचा पाढा म्हणायचा! अमेरिकेत एका निवृत्त नोकरदाराने आयुष्याची बचत या तारखेच्या जाहिरातींत घातली. पुढच्या वर्षी कॅम्पिंगने आपली चूक जाहीर रीतीने कबूल केली, हा त्याचा प्रामाणिकपणा. बचत मात्र परत आली नाही.

दोन्ही बाजूंचा न्याय

अक्षरशः वाचणाऱ्यांची बाजूही नीट ऐकून घेतली पाहिजे. विसाव्या अध्यायात ‘हजार वर्षे’ हे शब्द सहा वेळा येतात. ते म्हणतात, हजार म्हणजे हजार नसेल, तर त्याच पानावरचे पुनरुत्थान तरी खरे कशावरून? एकदा संकेताचे दार उघडले की घरातले सगळेच वाहून जाईल. ही भीती पोकळ नाही. आरंभीच्या काळात जस्टिन, इरेनेयस असे मोठे धर्मगुरू पृथ्वीवर हजार वर्षांचे राज्य येईल असेच मानीत. पाचव्या शतकात ऑगस्टिनने, स्वतः पूर्वी तसेच मानलेले असताना, मत बदलले. हजार म्हणजे दहाचा घन, पूर्ण काळाचे चिन्ह. ते राज्य मंडळीच्या रूपाने चालूच आहे, असा अर्थ त्याने लावला. पाश्चात्त्य ख्रिस्ती जगात तोच पुढे रूढ झाला.

आम्हांला मात्र या दुसऱ्या वाटेवरही एक खड्डा दिसतो. सगळेच संकेत ठरवले, की राज्यकर्त्यांची आणि धनिकांची फार सोय होते. न्यायाचे राज्य? ते अंतःकरणात आले आहे. भुकेल्यांना भाकरी? ती आत्म्याची. मग एका दीनाराला एक माप गहू हा भावही आध्यात्मिक होऊन बसतो. मंडळीचे राज्य चालूच आहे म्हटल्यावर त्या राज्यात राबणाऱ्याने दाद मागायची कोठे? पहिल्या वाचनाने गरिबाचा फंड जातो, तर दुसऱ्याने त्याची फिर्याद जाते.

प्रकटीकरणातच एक जागा आहे. मारले गेलेले लोक वेदीखालून ओरडून विचारतात की, आणखी किती दिवस? आमच्या अल्पमतीप्रमाणे या पुस्तकातील काळाचे सारे आकडे या प्रश्नाला दिलेली उत्तरे आहेत. प्रश्न सोसणाऱ्याचा आहे, पंचांग करणाऱ्याचा नाही. त्याला मिळणारे उत्तर असे की, दिवस मोजलेले आहेत. जुलमाला मुदत आहे. ती मुदत कोणत्या वारी संपेल हे मात्र सांगितलेले नाही. त्या दिवसाची वा घटकेची कोणालाच माहिती नाही, असे खुद्द येशूचे वचन मार्काच्या पुस्तकात आहे.

हे आम्ही अधिकाराने सांगत नाही. अपराध्याच्या नात्याने सांगतो. मामांच्या प्रसंगानंतर काही वर्षांनी एका कारखान्याला टाळे लागले. फाटकाशी सभा भरली होती. बायका मुले घेऊन आल्या होत्या. सगळ्यांच्या तोंडी एकच प्रश्न, “किती दिवस?” आम्ही भाषणाच्या भरात बोलून गेलो, “पंधरा दिवसांत हे टाळे उघडलेच म्हणून समजा!” आमच्या लेखी तो धीराचा शब्द होता. ऐकणाऱ्यांच्या लेखी ती तारीख होती. काहींनी तेवढ्या दिवसांच्या बोलीवर सावकाराकडून पैसे उचलले. टाळे चार महिन्यांनी उघडले. त्या व्याजाचा हिशेब आमच्या खाती आहे, आणि तेव्हापासून त्या फिरत्या उपदेशकावर दगड उचलताना आमचा हात जड होतो. तेव्हापासून आम्ही फाटकावर तारीख देत नाही. लढा संपणार हे सांगतो, आणि तोवर घरोघरी धान्य कसे पोचवायचे ते ठरवतो.

मामांना उत्तर द्यायला आम्हांला फार उशीर झाला. बऱ्याच वर्षांनी त्यांच्या घरी गेलो, तेव्हा ते थकले होते. पुस्तक उशाशीच होते. आम्ही म्हणालो, “मामा, पुस्तक चुकलं नाही, आकडाही चुकला नाही. त्या आकड्याला आपण जे विचारलं, ते त्याचं कामच नव्हतं.”

मामा थोडे हसले आणि म्हणाले, “मग आता काय विचारायचं, भाऊ?”

आम्ही त्यांना काळ्या घोड्याचे ते पान उघडून दिले. मामांनी गव्हाचा भाव दोनदा वाचला. मग त्यांनी बोटांवर आपल्या ठेकेदाराच्या रोजाचा हिशेब केला, आणि अर्ज कोठे करायचा ते विचारले.